व्हिटॅमिन सीचं सिरम सुरू करताय? आधी सावली बघा, मग बाटली

औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहिलं की हा प्रश्न जवळपास रोज येतो: "ताई, तोंड एकसारखं दिसायला काय हाय का?" विचारणारी कधी कॉलेजची मुलगी असते, कधी दुचाकीवरून रोज गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत जाणारा पोरगा, कधी पन्नाशीच्या काकू. गालावर वांग, मुरमांचे जुने डाग, हनुवटीपेक्षा गडद झालेलं कपाळ, डोळ्यांच्या कडेला बारीक रेघा. मोबाईलवर जाहिरात पाहून अर्धं ठरलेलंच असतं की व्हिटॅमिन सीचं सिरम घ्यायचं. सिरम चांगलंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण बहुतेक जण खर्चाचा क्रम उलटा लावतात: आधी सिरम, मग पैसे उरले तर सनस्क्रीन. मी फार्मासिस्ट आहे, त्वचेची डॉक्टर नाही. बाटली हातात देण्याआधी मी जे सांगते, तेच इथे जरा निवांतपणे लिहिते.

सिरम नेमकं काय करतं

त्वचेचा रंग मेलॅनिनमुळे येतो आणि मेलॅनिन बनायला टायरोसिनेज नावाचं एन्झाइम लागतं. या एन्झाइमचं काम त्यातल्या तांब्याच्या जोरावर चालतं. व्हिटॅमिन सी त्या तांब्याशी जुळतं आणि मेलॅनिन बनण्याचा वेग मंदावतो. ऊन लागल्यावर त्वचेत जे फ्री रॅडिकल, म्हणजे पेशींना इजा करणारे कण, तयार होतात, त्यांतले बरेच ते निकामी करतं. तिसरं काम कोलॅजनचं. त्वचेला घट्टपणा देणारं कोलॅजन नीट बांधलं जायला शरीराला व्हिटॅमिन सी लागतंच. ते मिळालं नाही म्हणून स्कर्व्ही झालेल्यांच्या हिरड्यांतून रक्त येतं. त्यामुळे नियमित वापरलं तर डाग फिके होतात, चेहऱ्याचा मलूलपणा जातो, बारीक रेघा थोड्या कमी दिसतात. खोल सुरकुत्या आणि सैल पडलेली कातडी मात्र याने सुधारत नाही.

आणि याने कोणी गोरंही होत नाही. दंडाची आतली, काखेजवळची बाजू उजेडात बघा. तिथं ऊन फारसं पोचत नाही, म्हणजे तो तुमचा मूळ रंग. सिरम आणि सनस्क्रीन मिळून चेहऱ्याला फार तर त्या रंगाच्या जवळ आणतील, त्याच्या पुढे नेणार नाहीत. "सात दिवसांत गोरेपणा" असं ज्या बाटलीवर लिहिलंय ती कपाटात परत ठेवा.

इथं एक जण हमखास विचारतो, व्हिटॅमिन सी खाऊन चालणार नाही का? गंमत म्हणजे हंगेरीचे शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांना हे जीवनसत्त्व भरपूर मिळालं ते सेगेड शहरातल्या पाप्रिका मिरच्यांतून, आणि १९३७ साली त्यांना नोबेल मिळालं. म्हणून आपण कोल्हापूरकरांनी तांबडा रस्सा दोन वाट्या जास्त ओरपला तरी त्वचेला फरक पडत नाही. शिजवताना बरंचसं सी नष्ट होतं, आणि पोटातून मिळालेलं रक्तात एका मर्यादेपुढे साठत नाही, जास्तीचं लघवीवाटे निघून जातं. आवळा, पेरू जरूर खा, ते तब्येतीसाठी.

लिंबू कापून थेट चेहऱ्यावर चोळणं तर बंदच करा. लिंबाचा रस चांगलाच आम्लयुक्त असतो आणि त्यातलं सीचं प्रमाण त्वचेला पुरेल इतकं नसतं. शिवाय लिंबात अशी द्रव्यं असतात की ती त्वचेवर असताना ऊन लागलं तर फोड येतात आणि ते बरे झाल्यावर महिनोन्‌महिने काळे डाग राहतात. डाग घालवायला गेलेल्या माणसाला नवे डाग मिळतात.

डाग कसला आहे ते आधी बघा

सगळ्या काळेपणाला एकच औषध नसतं. मुरूम गेल्यावर उरलेले तपकिरी डाग आणि उन्हाने आलेला असमान रंग यांवर सिरम चांगलं काम करतं. दोन्ही गालांवर, कपाळावर, ओठाच्या वर नकाशासारखे पसरलेले चट्टे म्हणजे वांग. त्यामागे ऊन, हार्मोन आणि घराण्याचा वारसा असं सगळं असतं. गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेताना ते अनेकींना येतात. वांगावर एकट्या सिरमचा फरक थोडाच पडतो, हे मी आधीच सांगून टाकते.

मानेची कातडी काळी, जाडसर, मखमलीसारखी झाली असेल आणि काखेतही तसंच असेल, तर सिरम घेऊच नका. घासून तर अजिबात काढू नका. हे बऱ्याचदा इन्सुलिन नीट काम करत नसल्याचं लक्षण असतं. आधी रक्तातली साखर तपासून घ्या, तो खर्च जास्त उपयोगी. आणि एखादाच तीळ किंवा डाग वाढत असेल, कडा वेडीवाकडी झाली असेल, रंग बदलत असेल किंवा त्यातून रक्त येत असेल, तर तडक डॉक्टर.

आणखी एक गट आहे, ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. मैत्रिणीने सांगितलेली, पार्लरमधून आणलेली किंवा शेजारच्या वहिनींची उरलेली ट्यूब सहा-सहा महिने चेहऱ्याला लावणारे लोक. ट्यूबेवर बारीक अक्षरात मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासॉल लिहिलेलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. सुरुवातीला चेहरा उजळतो म्हणून माणूस खूश होतो. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, मुरूम आणि लव येते, आणि ट्यूब थांबवली की चेहऱ्याची आग होते. अशा चेहऱ्यावर आम्लयुक्त सिरम म्हणजे नुसता त्रास. त्यांनी सिरमचा विचार सोडून आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे जावं, कारण ती ट्यूब कशी थांबवायची हेही डॉक्टरांनीच ठरवायचं असतं. उत्पादकाचं नाव-पत्ता नसलेलं गोरेपणाचं क्रीम तर घरातच नको. अशा क्रीममध्ये पारा सापडल्याचं आणि त्यामुळे मूत्रपिंडं बिघडल्याचं वारंवार पुढे आलेलं आहे.

पहिली खरेदी सनस्क्रीनची

ऊन चालूच राहिलं तर सिरमने मंद केलेलं मेलॅनिनचं काम दुपारपर्यंत पुन्हा जोरात सुरू होतं. सनस्क्रीन न लावता सिरम लावणाऱ्यांना मी स्पष्ट सांगते, ते पैसे राहू द्या.

"पण आपल्याकडं एवढं ऊन कुठं असतंय, मे महिना सोडला तर?" हेही रोजचंच. याला सावलीचं उत्तर आहे. सावली आपल्या उंचीपेक्षा लहान पडत असेल तर सूर्य डोक्याच्या जवळ आहे आणि अतिनील (यूव्ही) किरण जोरात आहेत. कोल्हापूर साधारण पावणेसतरा अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो: दुपारी साडेबाराच्या सुमारास उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. ऑगस्टच्या सुरुवातीला तो पुन्हा येतो, पण ढगांमुळे कोणाच्या लक्षात येत नाही. आणि डिसेंबरात, रंकाळ्यावर सकाळी स्वेटर घालून फिरायला जायच्या दिवसांतही, भरदुपारी तुमची सावली तुमच्यापेक्षा थोडी लहानच असते. म्हणजे सनस्क्रीनला सुट्टी देण्याजोगा एकही महिना आपल्याकडे नाही. ढगांतूनही हे किरण बऱ्यापैकी खाली येतात.

काचेतूनही येतात. त्वचा लाल करणारे यूव्हीबी किरण काच बरेचसे अडवते, पण सुरकुत्या आणि डाग आणणारे यूव्हीए त्यातून पार होतात. २०१२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. २८ वर्षं ट्रक चालवलेला माणूस. खिडकीकडचा डावा गाल जाड आणि खोल सुरकुत्यांनी भरलेला, उजवा त्या मानाने कितीतरी नितळ. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. आंबा घाटातून रत्नागिरीला गाडी नेणाऱ्या कोणाचाही उजवा हात आणि उजवा गाल बघा, सांगावं लागणार नाही.

घ्यायचं काय? एसपीएफ (यूव्हीबीपासूनच्या संरक्षणाचा आकडा) ३० किंवा ५०, आणि त्यासोबत पीए पुढे किमान तीन अधिक चिन्हं, म्हणजे यूव्हीएपासूनही संरक्षण. वांग असेल तर त्वचेच्या रंगाचं, आयर्न ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन घ्या, कारण आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर नुसत्या दिसणाऱ्या प्रकाशानेही वांग गडद होतो आणि साधं सनस्क्रीन तो प्रकाश अडवत नाही. लावायचं प्रमाण: तर्जनी आणि मधल्या बोटाच्या लांबीएवढ्या दोन रेघा, चेहरा आणि मान मिळून. एक मावशी ठासून म्हणाल्या, "मी रोज लावतो की!" ट्यूब कधी घेतलेली विचारलं तर गणपतीत, आणि आम्ही बोलत होतो शिमग्याला. दोन बोटांच्या हिशोबाने ५० ग्रॅमची ट्यूब दिवसातून एकदाच लावली तरी साधारण दीड महिन्यात संपते. तुमची वर्षभर पुरत असेल तर तुम्ही सनस्क्रीनचा फक्त वास घेताय. बाहेर उन्हात काम असेल तर दर दोन तासांनी पुन्हा लावायचं. ते जमत नसेल तर स्कार्फ, सनकोट, टोपी, छत्री. शेतावर, गुऱ्हाळावर, बांधकामावर काम करणाऱ्यांना मी आधी रुंद काठाची टोपी सांगते, क्रीम नंतर.

आता बाटली

व्हिटॅमिन सीचं सगळ्यात जास्त अभ्यासलेलं रूप म्हणजे एल-अस्कॉर्बिक ॲसिड. ते त्वचेत शिरायला सिरमचा पीएच ३.५ च्या खाली, म्हणजे सिरम चांगलंच आम्लयुक्त, लागतं, म्हणून ते थोडं चुरचुरतं. नव्याने सुरू करणाऱ्यांनी १० टक्क्यांचं घ्यावं, सवय झाली की १५ पर्यंत जावं. २० च्या वर शोषण वाढत नाही, जळजळ वाढते. ३० टक्के लिहिलेली बाटली बघून भुलू नका.

सोबत व्हिटॅमिन ई आणि फेरुलिक ॲसिड असेल तर उत्तम. १५ टक्के सी, १ टक्का ई आणि अर्धा टक्का फेरुलिक या मिश्रणाने उन्हापासूनचं संरक्षण सी-ईच्या नुसत्या जोडीच्या जवळपास दुप्पट होतं, असं २००५ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात दिसलं, आणि सीही जास्त टिकलं.

त्वचा नाजूक असेल, पटकन लाल होत असेल, तर सीची सौम्य रूपं बघा: एथिल अस्कॉर्बिक ॲसिड, सोडियम अस्कॉर्बिल फॉस्फेट, मॅग्नेशियम अस्कॉर्बिल फॉस्फेट. ती चुरचुरत नाहीत, लवकर खराब होत नाहीत, पण त्यांच्यामागे पुरावाही कमी आहे. मला विचाराल तर जळजळ सहन करत दात-ओठ खाऊन कडक सिरम लावण्यापेक्षा सौम्य रोज लावणं बरं. सावळ्या त्वचेत जळजळ झाली की तिचाच डाग उरतो.

घटकांची यादी वाचायची एक युक्ती सांगते. यादीत जास्त प्रमाणातला घटक आधी येतो. फिनॉक्सिइथेनॉल हे सिरम टिकवणारं द्रव्य एक टक्क्यापेक्षा जास्त घालायचं नसतं. मग व्हिटॅमिन सीचं नाव त्याच्याही नंतर असेल तर ते नावापुरतंच आहे. टक्केवारी लिहिलेलीच नसेल तरीही सोडून द्या.

बाटली गडद काचेची किंवा हवाबंद पंपाची हवी. पारदर्शक बाटलीतलं एल-अस्कॉर्बिक घेऊ नका, कितीही सुंदर दिसली तरी. उत्पादनाची तारीख ताजी बघा. सेलमध्ये निम्म्या किमतीत मिळणाऱ्या बाटलीची तर आधी बघा. आणि छोटी बाटली घ्या. एका मिलिलिटरमध्ये साधारण २० थेंब धरले तर ३० मिलिलिटरच्या बाटलीत ६०० थेंब होतात. रोज चार वापरले तर पाच महिने. पण उघडलेलं एल-अस्कॉर्बिक साधारण तीन महिन्यांतच दम सोडतं. १५ किंवा २० मिलिलिटर घ्या, नाहीतर मोठ्या बाटलीतले थेंब मानेला आणि हाताच्या पाठीलाही लावून वेळेत संपवा. हाताच्या पाठीकडे कोणी लक्ष देत नाही आणि वय तिथंच आधी दिसतं.

पहिले पंधरा दिवस

पहिल्या दिवशी चेहऱ्याला हात लावू नका. कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब, तीन दिवस सलग, तीच जागा. पुरळ, खाज, सूज काही आलं नाही तर जबड्याच्या कडेला दोन दिवस. मग चेहरा, तोही एक दिवसाआड. दोन आठवडे असं निभावलं तर रोज.

वेळ सकाळची. उन्हाने होणारं नुकसान सी दिवसा अडवतं म्हणून सकाळ बरी, एवढंच. रात्री लावलं तर फुकट जातं असं नाही. साध्या फेसवॉशने तोंड धुवा, टॉवेलने टिपून पूर्ण कोरडं होऊ द्या. ओल्या त्वचेवर ते जास्त चुरचुरतं. तीन-चार थेंब तळहातावर घ्या, कपाळ, गाल, हनुवटी, मान असं हलक्या हाताने थापून लावा. ड्रॉपरचं टोक त्वचेला टेकवू नका. पापण्या, नाकपुडीच्या आणि ओठांच्या कडा सोडा. दोन मिनिटं थांबा, मग हलकं मॉइश्चरायझर, मग दोन बोटं सनस्क्रीन, आणि पंधरा मिनिटांनी बाहेर. पावसाळ्यात त्वचा तेलकट होत असेल तर मॉइश्चरायझर वगळलं तरी चालतं.

मिनिटभर चुरचुरणं चालतं. पाच मिनिटांनंतरही आग होत असेल, त्वचा लाल राहत असेल, तर थंड पाण्याने धुवा, आठवडाभर बंद ठेवा आणि मग सौम्य रूपाकडे वळा.

एखाद्या दिवशी विसरलात तर दुसऱ्या दिवशी दुप्पट लावू नका. प्राण्यांच्या त्वचेवरच्या प्रयोगात दिसलंय की त्वचेत मुरलेलं सी निम्म्यावर यायला साधारण चार दिवस लागतात, तेव्हा एका दिवसाने काही बिघडत नाही.

दाढी करणाऱ्यांनी ताज्या दाढीवर लावू नये, त्या दिवशी रात्री लावावं. थ्रेडिंग, वॅक्स, ब्लीच किंवा फेशियलनंतर दोन-तीन दिवस सुट्टी. जोतिबाच्या यात्रेहून आल्यावर गुलाल खसाखसा घासून काढलेला असतो, गाल आधीच सोललेले असतात; तेव्हाही दोन दिवस नुसतं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन.

सोबत काय चालतं

नायसिनामाइड, म्हणजे व्हिटॅमिन बी३ चं एक रूप, चालतं. "दोन्ही एकत्र लावलं तर विष होतं" वगैरे व्हॉट्सॲपवर फिरतं, त्याकडे लक्ष देऊ नका. मुरमांचं बेंझॉइल पेरॉक्साइड मात्र सीला खराब करतं, म्हणून सी सकाळी आणि ते रात्री. रेटिनॉल किंवा डॉक्टरांनी दिलेलं ट्रेटिनॉइन (दोन्ही व्हिटॅमिन एची रूपं) असेल तर तेही रात्रीच. ग्लायकोलिक, सॅलिसिलिक अशी ॲसिडं पहिल्या दोन महिन्यांत सीच्या जोडीला आणू नका. सी आणि बाकीचं एकाच दिवशी सुरू केलंत आणि पुरळ आलं, तर दोष कोणाचा ते कळणारच नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांसाठी त्वचेवरचं व्हिटॅमिन सी सुरक्षित मानलं जातं, ट्रेटिनॉइन आणि हायड्रोक्विनोन हे डाग फिके करणारं औषध टाळायला सांगतात. तरी तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांच्या कानावर घाला.

बाटली जपणं

हवा, उजेड, उष्णता आणि पाणी हे चारही सीचे वैरी. बाथरूममधल्या फळीवर बाटली ठेवू नका, मेमध्ये गाडीच्या डिकीत तर मुळीच नको. फ्रिजमध्ये ठेवा, झाकण लगेच घट्ट लावा, आणि उघडल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहा. नवं सिरम पाण्यासारखं किंवा फिकट पिवळसर असतं. ते कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं की संपलं, टाकून द्या. "एवढे पैसे घातलेत" म्हणून लावत बसलात तर गुण येत नाहीच, उलट बोटांवर, उशीच्या अभ्र्यावर आणि चेहऱ्यावरही पिवळट-तपकिरी छटा उरते.

किती दिवसांत फरक

सुरू करायच्या दिवशी खिडकीपाशी, फिल्टर न लावता, समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढा. महिन्याने त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा. आरशात रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही. पहिल्या महिन्यात फार तर चेहरा थोडा ताजा वाटतो. डाग फिके व्हायला आठ ते बारा आठवडे लागतात, आणि त्वचेत खोल गेलेल्या डागांना त्याहून जास्त, कधी ते जातही नाहीत. उन्हाचं पथ्य सुटलं की वांग परत येतात, महागडं सिरम असलं तरी.

तीन महिने सनस्क्रीनसकट नीट वापरूनही फोटोंत काही फरक नसेल तर दुसऱ्या कंपनीची बाटली घेऊ नका, डॉक्टरांना दाखवा. ॲझेलाइक ॲसिडपासून ट्रेटिनॉइनपर्यंत त्यांच्याकडे बरेच उपाय असतात आणि कोणता कोणाला द्यायचा हे ते त्वचा बघून ठरवतात. खासगी दवाखाना परवडत नसेल तर सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, त्वचारोगाची ओपीडी आहे. जाताना आजवर चेहऱ्याला लावलेल्या सगळ्या ट्यूबा आणि बाटल्या, पार्लरचं बिननावाचं क्रीमसुद्धा, पिशवीत घालून न्या. "काय लावत होता?" या प्रश्नाला "एक पांढरी ट्यूब होती" एवढंच उत्तर मिळालं तर डॉक्टरही काय करणार?